जुन्या घड्याळाची डायल मूळची की रंगवलेली? नाशिकच्या नवशिक्या संग्राहकासाठी

जुनं स्विस घड्याळ हातात आलं की त्याची डायल रंगवलेली आहे असं धरूनच पाहायला बसायचं. मूळची असल्याचा पुरावा डायलने द्यायचा. तिकडे जिनिव्हात कुणी उलट गृहीत धरत असेल, आपल्याकडे तसं करून भागत नाही.

त्यामागचं कारण दर वेळी लबाडी असतंच असं नाही. परदेशी घड्याळांच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या आयातीवर आपल्याकडे कित्येक दशकं कडक निर्बंध होते. कंपनीची नवी डायल मागवणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. वडिलांचं ओमेगा काळवंडलं आणि मुलाच्या लग्नात ते हातात घालायचं असलं, की मेन रोडवरच्या घड्याळजींना सांगितलं जायचं, "डायल जरा नवी करून द्या." मग डायल मुंबईला जायची. तिथे जुना रंग खरवडून, पॉलिश मारून, चंदेरी मुलामा किंवा रंग चढवून नाव पुन्हा छापलं जायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत घड्याळ चकचकीत होऊन घरी, आणि सगळे खूश. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार, ओझरच्या एचएएलमधले फोरमन, नाशिकरोडच्या प्रेसमधले कर्मचारी यांच्या कपाटांतून आज जी घड्याळं बाहेर पडतात, त्यांतल्या बऱ्याच घड्याळांचा इतिहास असाच असतो. घरच्यांना त्याची कल्पनाही नसते. "आजोबांनी घेतलं तसंच आहे" असं ते मनापासून सांगतात.

पुढे यातून धंदा उभा राहिला तो वेगळा. तीन घड्याळांचे भाग एकत्र करून, वर भडक रंगाची डायल बसवून विकायचं. अशा मालाला परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नारिंगी-निळी फेवर-लुबा, पोपटी सँडोझ हे त्याचे नेहमीचे नमुने. तिकडच्या लोकांनी नाकं मुरडली तरी त्या कारागिरांच्या हाताला मी दाद देतो. पण दाद देणं वेगळं आणि अस्सलचे पैसे मोजणं वेगळं.

पाहायला बसण्याआधी एवढं पक्कं असू द्या की डायलींचे प्रकार दोन नाहीत, चार आहेत. पहिली, घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हाचीच. दुसरी, कंपनीनेच नंतर सर्व्हिसिंगच्या वेळी बदलून दिलेली. ती अस्सल असते, पण त्या घड्याळाच्या जन्माची नसते. तिसरी, मूळ पत्रा तोच पण पुन्हा रंगवून छापलेली. बाजारात तिला रीपेंट किंवा रीडायल म्हणतात. चौथी, कुठल्या तरी कारखान्यात नव्याने बनवलेली सरळसरळ नकली. विकणारा 'ओरिजिनल' म्हणतो तेव्हा यातली नेमकी कुठली, हे विचारून घ्यायचं. दुसऱ्या प्रकारावरून वाद सर्वांत जास्त होतात, कारण तिथे दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

पहिली पायरी: भिंग आणि उजेड

दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग घ्या. सराफ बाजारात सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत मिळतं. वीसपट, तीसपट लिहिलेली स्वस्त भिंगं कडेला चित्र वाकडं दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका. जोडीला एक छोटा अतिनील टॉर्च घ्या, शक्यतो ३६५ नॅनोमीटरचा. तो पुढे लागेल.

डोळ्याला सवय नसताना घड्याळ पाहून काही कळणार नाही. आधी खिशातली दहाची नवी नोट भिंगाखाली धरा. गांधीजींच्या चित्राजवळ बारीक अक्षरांत 'आरबीआय', 'भारत' असं छापलेलं आहे, ते शोधा. कडा किती स्वच्छ आहेत, दोन अक्षरांतली जागा किती सारखी आहे, हे पाहा. मग तीच नोट झेरॉक्स करून पुन्हा पाहा. तिथे अक्षरांचे ठिपके आणि डाग झालेले दिसतील. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे बारीक छपाईतला फरक ओळखणारी माणसं या गावात भरपूर आहेत. ओळखीत असं कुणी निवृत्त असेल तर त्यांना एकदा डायल दाखवा. घड्याळातलं काहीही ठाऊक नसलं तरी वाकडं अक्षर त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कधीही निर्णय घेऊ नका. घड्याळ दारापर्यंत आणा आणि सकाळच्या तिरक्या उन्हात हळूहळू फिरवून पाहा. भद्रकालीत किंवा बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात घेत असाल तर उजेड आयताच मिळतो, फक्त विकणाऱ्याची घाई आड येते. "भाऊ, पाच मिनिटं बघू द्या" म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी पायरी: आधी घड्याळाचं साल, मग डायल

नवशिका थेट डायलकडे जातो. तिथे जायच्या आधी ते घड्याळ कुठलं आणि साधारण कुठल्या सालचं हे ठरवावं लागतं, कारण एखादी डायल चांगली की वाईट हे त्या मॉडेलच्या त्या सालाच्या संदर्भातच कळतं.

ओमेगाचा मॉडेल क्रमांक मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो आणि मशीनवर वेगळा अनुक्रमांक कोरलेला असतो. जुन्या रोलेक्सवर पट्टा काढल्यावर बाराच्या बाजूला, पट्टा अडकवायच्या दोन शिंगांच्या मधल्या कडेवर मॉडेल क्रमांक दिसतो आणि सहाच्या बाजूला अनुक्रमांक. पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या घड्याळांचे क्रमांक आत, मशीनवर आणि झाकणावर. म्हणजे उघडावं लागणारच. घड्याळजींकडे गेलात की आधीच स्पष्ट सांगा, "काका, मागचं झाकण तेवढं उघडून दाखवा. डायलला हात लावायचा नाही, पुसायचीही नाही." हे न सांगितल्यास सवयीने, आणि प्रेमानेच, ते कापूस ओला करून फिरवतात. जुन्या डायलवरचा लाखेचा पातळ थर सुटलेला असेल तर त्या कापसासोबत अक्षरंच निघून येतात.

क्रमांक मिळाला की त्याच मॉडेलचे, जवळपासच्या सालांचे जमतील तितके फोटो गोळा करा. क्रिस्टीज, सदबीज, फिलिप्स, अँटिकोरम या लिलावगृहांच्या जुन्या लिलावांचे मोठे फोटो कुणालाही पाहता येतात. तिथेही चूक होऊ शकते, म्हणून एकाच फोटोवर विसंबू नका.

साल का महत्त्वाचं, याचं सरळ उदाहरण म्हणजे रोलेक्सचं ५५१३ क्रमांकाचं सबमरिनर. ते १९६२ च्या सुमाराला सुरू झालं आणि १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत बनत राहिलं. बाहेरून घड्याळ तेच, पण डायल बदलत गेल्या. सुरुवातीला चकचकीत काळ्यावर सोनेरी अक्षरं, १९६६-६७ च्या सुमारापासून निस्तेज काळ्यावर पांढरी अक्षरं, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुन्हा चकचकीत काळी आणि ल्यूमच्या, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या रंगाच्या, ठिपक्यांभोवती पांढऱ्या सोन्याची कडी. आता १९६५ च्या अनुक्रमांकाच्या केसमध्ये (घड्याळाच्या धातूच्या कवचात) कडीवाली डायल दिसली तर ती अस्सल रोलेक्स असेलही, पण नंतर बदललेली. 'वडिलांनी घेतलं तसंच' हे वाक्य तिथेच संपतं.

तिसरी पायरी: छपाई

वेळेचं बंधन असेल तर बाकी सगळं सोडा आणि एवढंच करा. रंग फसवतो, डाग फसवतात, छपाई सहसा फसवत नाही.

मूळ डायल कशी छापत ते आधी समजून घेऊ. धातूच्या सपाट प्लेटवर नाव आणि मिनिटांच्या खुणा उथळ कोरलेल्या असतात. त्यात शाई भरून वरची जादा शाई पुसून काढतात. मग जिलेटिनचा मऊ गोळा (नंतरच्या काळात सिलिकॉनचा) प्लेटवर दाबून शाई उचलतात आणि ती डायलवर टेकवतात. यातून पडलेलं अक्षर कडेला धारदार, वर सपाट आणि सगळीकडे सारख्या जाडीचं येतं. भिंगाखाली ते पृष्ठभागावर किंचित उठून बसल्यासारखं दिसतं.

रंगवणाऱ्याकडे त्या मॉडेलची प्लेट नसते. तो जवळपासची प्लेट वापरतो किंवा नवी करून घेतो, आणि त्याची चूक पुढच्या जागी सापडते.

मिनिटांची पट्टी पाहा. बारा, तीन, सहा आणि नऊ या ठिकाणची रेघ तिथल्या चिकटवलेल्या धातूच्या खुणेच्या बरोबर मध्यावर यायला हवी. बाराला बरोबर आणि सहाला अर्ध्या रेघेने सरकलेली दिसली, तर पट्टी नंतर छापली आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मापं घेण्यात आयुष्य गेलेल्यांना ही सरक भिंगाशिवायही जाणवते. पट्टीचं वर्तुळ डायलच्या कडेशी समांतर आहे का, की एका बाजूला कडेला चिकटलंय, तेही बघा. मात्र केस उघडून लावताना डायलच किंचित फिरलेली असू शकते. तसं असेल तर खुणा आणि पट्टी दोन्ही एकत्र फिरलेल्या दिसतील; तो दोष छपाईचा नव्हे.

नावाकडे वळा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चांगल्या डायलवर बऱ्याच अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या टाचा असतात. नव्याने छापलेल्यात त्या गळतात किंवा शाईच्या थेंबात बुडतात. 'ई' ची मधली काडी, 'आर' चा पाय, 'एस' ची दोन पोटं या तीन जागा फोटोशी ताडून बघा. 'ऑटोमॅटिक', 'क्रोनोमीटर' अशा ओळी एकमेकींच्या मध्यावर आहेत का? ओमेगाच्या कॉन्स्टेलेशनवरचं वळणदार अक्षरांतलं नाव रंगवणाऱ्यांना नीट साधत नाही. वळणं जाड होतात, जोड तुटतात.

तळाशी सहाच्या खाली 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असतं. रंगवलेल्या डायलवर ते गायब असणं, चुकीच्या जागी असणं किंवा फार मोठं असणं नेहमीचंच. पण यावर एकट्याने फाशी देऊ नका. काही अस्सल घड्याळांत ही अक्षरं केसच्या आतल्या कडेखाली अर्धी झाकलेली असतात आणि खूप जुन्या काही डायलींवर ती मुळातच नसतात.

छोट्या सेकंदकाट्याची वेगळी तबकडी असेल तर तिथे आवर्जून थांबा. मूळ डायलमध्ये ती किंचित खोल असते आणि तिच्यात एकात एक अशी बारीक वर्तुळं कोरलेली असतात. पॉलिशच्या चाकाखाली सर्वांत आधी तीच मरतात. वर्तुळं पुसट, खोलगटपणाची कड गोलसर आणि त्यावर छापलेली अधिकची फुली मध्यापासून ढळलेली, असं तिन्ही एकत्र दिसलं तर आणखी पुराव्याची गरज नाही.

दोन खास छपायांची ओळख हवीच. जुन्या रोलेक्सच्या सोनेरी अक्षरांच्या काळ्या डायलवर मुख्य अक्षरं सोनेरी शाईने छापलेली नसतात. पितळी पत्र्यावर काळा थर देताना अक्षरांची जागा मोकळी सुटते, म्हणजे दिसतं ते खालचं पितळ. त्यामुळे ही अक्षरं काळ्या पातळीच्या किंचित खाली असतात आणि प्रकाश फिरवला की धातूसारखी उजळतात. रंगवलेल्यात सोनेरी शाई काळ्याच्या वर बसलेली दिसते. दुसरी पाटेक फिलिपची. तिच्या बऱ्याच जुन्या डायलींवर कंपनीचं नाव आधी कोरून, त्यात काळं मीनाचं चूर्ण भरून, भट्टीत भाजून पक्कं केलेलं असतं. ते भिंगाखाली घट्ट, काळंभोर आणि किंचित उठलेलं दिसतं. नुसती शाई आणि मीनाकाम यांतला फरक एकदा डोळ्यात बसला की जात नाही. पाटेकचे आजचे मालक असलेलं स्टर्न कुटुंब मुळात डायल बनवणारंच; त्यांनी १९३२ मध्ये कंपनी घेतली.

चौथी पायरी: पृष्ठभाग

याला कमी वेळ पुरतो. उन्हात फिरवल्यावर मध्यापासून कडेकडे पसरणारे बारीक किरण दिसतात का? ज्या मॉडेलला ते असायला हवेत तिथे सपाट, चुन्यासारखी चंदेरी झाक दिसली तर किरण घासले गेलेत. धातूच्या खुणांच्या बुडाशी रंग साचलाय का? तारखेच्या खिडकीच्या कोपऱ्यांत रंगाचे गोळे आहेत का? मध्यावरच्या, काटे बसतात त्या भोकाची कड जाड झाली आहे का? डायलच्या कडेला कानसीने मारलेली छोटी खाच दिसली तर छपाईच्या साच्यात डायल नीट बसावी म्हणून कुणी ती मारली असण्याची शक्यता असते. अर्थात काच आणि केस जागेवर असताना ही खाच बहुधा झाकलेलीच राहते.

पाचवी पायरी: ल्यूम

अंधारात चमकणारा रंग, ज्याला घरोघरी सरसकट रेडियम म्हणतात, तो डायलवर असेल तर तुमचं काम सोपं झालं. त्याच्यात काळ नोंदलेला असतो.

साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खरोखरच रेडियम वापरत. नंतर ट्रिटियम हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य आलं आणि डायलच्या तळाशी 'स्विस' च्या दोन बाजूंना 'टी' छापलं जाऊ लागलं: 'टी स्विस टी', किंवा 'टी' च्या पुढे २५ पेक्षा कमी असल्याची खूण. १९९० च्या दशकात ल्युमिनोव्हा हा किरणोत्सर्ग नसलेला जपानी रंग आला. रोलेक्सने १९९८ च्या सुमाराला तो घेतला. त्या एक-दोन वर्षांच्या डायलवर नुसतं 'स्विस' आहे, पुढे 'स्विस मेड'. १९७० च्या दशकात 'टी' च्या शेजारी सिग्मा हे ग्रीक अक्षर दिसलं तर खुणा किंवा काटे सोन्याचे आहेत असा त्याचा अर्थ. ओमेगाच्या तळाशी 'स्विस मेड' च्या दोन बाजूंना 'ओएम' असेल तर डायलचा पत्राच भरीव सोन्याचा.

आता टॉर्च काढा. अंधाऱ्या खोलीत काही सेकंद मारा, बंद करा आणि पाहा. ट्रिटियमचा जुना रंग प्रकाश असेपर्यंत उजळतो आणि टॉर्च बंद केल्यावर काही क्षणांत विझतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आहे, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. १९७० च्या डायलवर मूळच्यापैकी पाच टक्क्यांच्या आसपासच उरलेलं असतं, त्यामुळे ती रात्री आपणहून चमकत असेल तर संशय घ्या. टॉर्च बंद करूनही कित्येक मिनिटं हिरवा उजेड टिकला तर ल्यूम नव्याने भरलेला आहे किंवा डायल नंतरची आहे. 'टी स्विस टी' लिहिलेली डायल आणि तासभर टिकणारा उजेड ही जोडी जमत नाही.

काट्यांवरही टॉर्च मारा. काटे आणि डायल थोडी वेगवेगळी पिवळी झालेली चालतील, कारण दोन्ही वेगळ्या कारखान्यांत बनत. पण विझण्याचा वेग साधारण सारखा हवा. डायल क्षणात विझली आणि काटे चमकत राहिले तर काटे बदललेले किंवा पुन्हा भरलेले.

रेडियमबद्दल मात्र थट्टा नको. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. डायल चमकत नाही म्हणून रेडियम संपलं असं नसतं. त्याने सोबतचं चमकणारं रसायन जाळून टाकलेलं असतं, एवढंच. असं घड्याळ घरी जेवणाच्या टेबलावर उघडू नका, ठिपके नखाने खरवडू नका, ती धूळ श्वासात जाणं हाच खरा धोका. लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि उघडायचं असेल तर घड्याळजींनाही आधी सांगा.

या रेडियमनेच एक चांगला पुरावा मागे ठेवलेला असतो. घड्याळ कपाटात वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं असेल तर काटे ज्या जागी थांबले होते तिथे डायलवर त्यांच्या आकाराची तपकिरी सावली उमटते. हे काटे आणि ही डायल खूप काळ एकत्र होते याचं हे प्रमाणपत्र. ती सावली घालवायला कुणी तुम्हाला 'थोडंसं टचअप' सुचवलं तर नको म्हणा.

सहावी पायरी: डाग कुठे आहेत

म्हातारपण एकसारखं येत नाही. ओलावा शिरतो तो चावीच्या बाजूने आणि काचेच्या कडेने, म्हणून खरे डाग तीनच्या आसपास किंवा परिघावर सुरू होतात आणि मध्याकडे विरळ होतात. नाशिकचे उन्हाळे कोरडे असले तरी इथला पावसाळा चार महिने काम करतो. सगळ्या डायलवर एकसारखी मलईची झाक, प्रत्येक ठिपका अगदी एकाच चहाच्या रंगाचा, आणि त्याच घड्याळाचे काटे लख्ख, हे नैसर्गिक नव्हे. भट्टीत किंवा चहा-कॉफीत डायल 'जुनी' करण्याचे उद्योग सर्रास चालतात.

काही बिघाड बाजारात उलट भाव वाढवतात. उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली डायल संग्राहक 'ट्रॉपिकल' म्हणून जास्त पैसे देऊन घेतात. १९९० च्या दशकातल्या काही रोलेक्स डेटोनांच्या छोट्या तबकड्यांची कडी लाखेमुळे तपकिरी होत गेली, त्यांनाही वेगळी मागणी आहे. कुणी 'ट्रॉपिकल' म्हणून दाखवलं तर दोन प्रश्न स्वतःला विचारा: रंग उन्हाला उघड्या भागात जास्त आणि काट्यांच्या बुडाशी कमी बदललाय का, आणि त्याखालची छपाई अजून तशीच धारदार आहे का? किंमत वाढवण्याचं आमिष जिथे आहे तिथे भाजलेली डायलही येणारच. न्यूयॉर्कमधल्या लिलावात २०१७ च्या ऑक्टोबरात हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं स्वतःचं डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. त्या घड्याळाचं वेगळेपण त्याच्या डायलमध्ये होतं, मशीन त्या काळच्या साध्या डेटोनासारखंच होतं. अशी डायल साध्या डेटोनावर बसवून विकण्याचा मोह कुणाला होणार नाही? म्हणून या डायलच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये.

सातवी पायरी: मागची बाजू

येवल्याची पैठणी घेताना बायका ती उलटून पाहतात, तसं डायलीलाही उलटून पाहता आलं तर फार बरं. पण ती काढणं जोखमीचं आहे, म्हणून हे फक्त सर्व्हिसिंगसाठी घड्याळ उघडलं जाणारच असेल तेव्हा करून घ्या, आणि फोटो काढायला सांगा. डायलच्या मागे तांब्याचे दोन बारीक पाय असतात, त्यांनी ती मशीनवर बसते. पाय कापून डायल चिकटपट्टीने किंवा गोंदाने बसवलेली असेल तर ती बहुधा दुसऱ्या मशीनची. मागे डायल बनवणाऱ्या कारखान्याचा शिक्का असू शकतो. रोलेक्सच्या काही डायलींवर 'सिंगर' असं असतं. रंगवणाऱ्यांनी सुईने ओरखडलेले आकडे किंवा नावंही तिथेच सापडतात.

सराव आणि सौदा

पहिलं घड्याळ रोलेक्स नको. एचएमटी जनता, वेस्ट एंडची सोवार, फेवर-लुबाची सी चीफ अशी मिळतील तितकी हाताळा. त्यांच्यातही रंगवलेल्या डायल भरपूर आहेत आणि चुकलं तरी घरचं बजेट कोसळत नाही. एकाच मॉडेलची एक रंगवलेली आणि एक मूळची शेजारी ठेवून पाहिलीत की वर लिहिलेलं निम्मं आपोआप कळेल. मुंबईला चोर बाजारात जायचं असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन दिवसभर नुसतं पाहून या, पैसे घरी ठेवून.

मोठं घड्याळ घेताना बिलावर किंवा निदान मेसेजमध्ये लेखी घ्या: डायल मूळ, सर्व्हिस डायल की रंगवलेली. 'ऑल ओरिजिनल' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. विकणाऱ्याने "साहेब, इतकी कोरी डायल बघितली नसेल" असं म्हटलं तर भिंग पुन्हा एकदा काढा. साठ वर्षांच्या घड्याळाची केस घासलेली, चावी झिजलेली, काच ओरखडलेली आणि डायल तेवढी काल बनवल्यासारखी, हे सहसा जुळत नाही.

आणि घरातल्या घड्याळाची डायल रंगवलेली निघाली तर? विकायचं नसेल तर काहीही करू नका. आजोबांनी जो रंग पाहिला तोच तुम्ही पाहताय. विकायचं असेल तर 'रीडायल' असं स्पष्ट लिहून विका. भाव बराच कमी येईल, पण सौदा टिकेल. पुन्हा रंगवून 'मूळसारखी' करून घेण्याच्या फंदात पडू नका, दुसऱ्या खरवडण्यात पत्रा आणखी पातळ होतो. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घड्याळ देत असाल तर देण्याआधीच लेखी विचारा की जुनी डायल आणि काटे परत मिळतील का. मिळणार नसतील तर डायल बदलू नका असं पावतीवर लिहून घ्या. मिळाली तर ती छोट्या बंद डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत, घड्याळाच्याच कागदपत्रांत ठेवा. रेडियमची असेल तर मात्र डबीवर तसं लिहा आणि झोपायच्या खोलीत ठेवू नका.